आप्पांचा विडा

पुणे, ३ मे १९५८

दादा,

साष्टांग नमस्काराला इथे वॉर्डात जागा नाही. दोन खाटांमध्ये जेमतेम एक स्टूल मावतं. तेव्हा उभ्यानेच नमस्कार.

माझं नाव बघून पाकीट न फोडताच परत पाठवशील, म्हणून पाठवणाऱ्याच्या जागी वहिनीचं नाव घातलंय. सात वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, ती आज हौसेने लिहितेय असं समजू नकोस.

आप्पा आमच्या दवाखान्यात आहेत. खडकवासल्याचं पाणी पाटाला सुटलं, ते मळ्यात वळवायला गेले आणि पाटाच्या काठावरून घसरले. डाव्या मांडीचं हाड मोडलंय. पायाला वजन बांधून कप्पीवरून दोरी सोडली आहे. हाड जुळेपर्यंत दोन-अडीच महिने असंच उताणं पडून राहायचं. प्रेमलावहिनीने तुला कळवलं नसणार. "ते तिकडं अंबाल्याला, कशापायी जिवाला घोर," असं ती म्हणाली. सुभेदारसाहेबांच्या जिवाला घोर नको म्हणून आपल्या घरातल्या बायका वर्षानुवर्षं मुक्या आहेत, त्यात नवीन काही नाही.

आणि आले ते नेमके माझ्या वॉर्डात. स्ट्रेचरवरून आणलं तेव्हा त्यांनी मला पाहिलं, ओळखलं, आणि छताकडे बघत म्हणाले, "सिस्टर, पानी द्या." तेव्हापासून मी सिस्टर. माझ्याबरोबर श्यामला नावाची नर्स आहे. तिने कागदावरचं आडनाव बघून मला विचारलं, "नात्यातले का हो तुमच्या?" मी तोंड उघडायच्या आत आप्पाच म्हणाले, "आमच्या आडनावाची छप्पन घरं हायती." मग मीही गप्प बसले. नर्स व्हायला निघालेली मुलगी आम्हाला मेली, असं त्यांनी सांगितलं होतं आणि तू लिहिलं होतंस. मेलेल्या मुलीने नातं सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

त्यांचं सगळं नियमाप्रमाणे चाललंय. जरा जास्तच नियमाप्रमाणे. वहिनी दोन्ही वेळेला डबा आणते, त्यात त्यांचा विडा असतो. वॉर्डात पानतंबाखू चालत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी मी तो उचलला आणि बादलीत टाकला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की लहानपणी मी माळ्यावर जाऊन लपले असते. खरं सांगते, मला बरं वाटलं. तिकडे त्यांचा शब्द चालतो, इथे माझा.

तुला कळवणं माझं काम होतं, ते केलं. उत्तराची अपेक्षा नाही.

विजयमाला

७ मे

दादा,

उत्तराची अपेक्षा नाही असं लिहिलं होतं ते मागे घेते. मला उत्तर हवंय, आणि लवकर हवंय.

आप्पांचं काहीतरी भलतंच चाललंय. नाक गळतंय, डोळ्यांना पाणी, जांभयांवर जांभया. मे महिन्याच्या उकाड्यात अंगावर काटा उभा राहतो. पोटात कळा येतात, पांघरूण मागतात, लगेच फेकून देतात. त्यात मांडीचं दुखणं. पेथिडीनचं इंजेक्शन दिलं की बाकीचे पेशंट दोन-तीन तास तरी निवांत पडतात. आप्पांना ते दिलं काय आणि न दिलं काय, सारखंच. काल ते रडले. विंचू डसला तेव्हा उतारा करणाऱ्यालाच धीर देत बसलेले आपले आप्पा काल आईच्या नावाने मोठ्याने रडले. पलीकडच्या रांगेतल्या एकाने त्यांची नक्कल केली, तेव्हा शेजारच्या खाटेवरचे चांदभाई त्याच्यावर खेकसले, "हसू नको रे. म्हातारा नाटक नाही करत." चांदभाईंचं बुधवार पेठेत स्टोव्हदुरुस्तीचं दुकान आहे, आणि सध्या त्यांचाही पाय वजनाला टांगलेला आहे, त्यामुळे त्यांना बोलायचा अधिकार आहे.

मोठ्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलंय की इंजेक्शन 'लागल्यास द्यावे'. आता लागलं की नाही हे ठरवायचं सिस्टरने. आणि इथल्या सिस्टरांचं ठरवणं असं: पेशंटने मागितलं तर चटक लागली, नाही मागितलं तर दुखत नाही. म्हणजे कसंही करून द्यायचं नाही. डॉक्टरही म्हणाले, "फार मागताहेत हे. कमी करा."

मी अशी नाकं, असा काटा आणि अशा जांभया आधी पाहिल्या आहेत. ज्यांना अफूची सवय असते आणि ती एकदम तुटते, त्यांचं हे असं होतं. मग मला त्या बादलीत टाकलेल्या विड्याची आठवण झाली.

वहिनीला जिन्यात गाठलं. विचारलं, विड्यात काय असायचं? ती म्हणाली, "वन्सं, त्यांना इचारल्याबिगर मी काय बोलायची न्हाय." मी म्हटलं, म्हणजे बोलण्यासारखं काहीतरी आहे. तर डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि निघून गेली.

आई होती तोवर ती विडा लावायची तेव्हा मला तिथे थांबू द्यायची नाही, त्याचा अर्थ आता लागतोय. वहिनीला मात्र लग्न होऊन आल्याच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं. आपल्याकडची रीतच ती. घरातलं जे झाकायचं ते येणाऱ्या सुनेला सांगायचं, जाणाऱ्या मुलीला नाही. मुलगी दुसऱ्याच्या घरी जाऊन बोलेल ना.

दादा, नीट ऐक. ज्या शरीराला अफूची सवय आहे त्याला दुखण्यावरचं औषध जास्त लागतं, कमी नाही. त्यातलं निम्मं तर नुसती सवय भागवण्यातच संपतं. दुखणं त्याच्यावर वेगळं उरतंच. आप्पा लोभाने मागत नाहीत, त्यांना खरोखर असह्य होतंय. पण हे डॉक्टरांना सांगायचं तर मला माप हवं. ते ज्वारीच्या दाण्याएवढं होतं की बोराएवढं, हे अंदाजाने ठरवून चालत नाही. कमी धरलं तर ते तळमळतील, जास्त धरलं तर मरतील. माल कुठून येतो, परवाना आहे की नाही, ते मला नको सांगूस. तू फक्त वहिनीला एक ओळ लिही की विजाला सांग. तिच्या तोंडाची किल्ली तुझ्याकडे आहे.

विजया

१५ मे

दादा,

तुझं पत्र पोचलं. 'असले काही नाही व नव्हते. घराण्याच्या नावाला बट्टा लावू नकोस. मैनेचे जमत आले आहे.' मैना लग्नाची झाली, हे मला असं कळावं ना. मी निघाले तेव्हा ती माझ्या पदराला धरून दारापर्यंत आली होती. मुलाकडचे तालेवार आहेत असंही लिहिलंयस. छान. अफूबाजाची नात त्यांना चालणार नाही, म्हणून आजोबांनी ओरडत पडायचं.

असले काही नाही तर नाही. मग माझ्या हातात जेवढं होतं तेवढं मी केलं. इंजेक्शन किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतात, केव्हा द्यायचं ते माझ्यावर आहे. आप्पांनी मागायची वाट बघायचीच नाही असं मी ठरवलं. औषध उतरून दुखणं वर यायच्या आधीच घड्याळ बघून पुढचं द्यायचं. श्यामलालाही तसंच करायला लावलं. माणसाला भीक मागायला लावून मग औषध द्यायचं, हे मला आप्पांच्याच काय, कुणाच्याच बाबतीत पटत नाही. नाडी, घाम, काटा, झोप सगळं टिपून ते डॉक्टरांपुढे धरलं. मात्रा कमी पडते आहे एवढंच म्हटलं, का पडते ते नाही सांगितलं. त्यांनी कुरकुरत थोडी वाढवली. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "सिस्टर, या पेशंटचा तुम्हाला भारीच पुळका. कोण लागतात तुमचे?" मी म्हटलं, "कुणी नाही."

आप्पांनी ते ऐकलं. डोळे मिटून घेतले.

आता ते थोडे सावरलेत. नाक गळायचं थांबलं, दोन घास जातात. दुखणं आहेच, पण ओरडत नाहीत. एवढ्यावर दिवस काढता येतील असं वाटतंय. वहिनी माझ्याकडे न बघता येते आणि न बघता जाते.

विजया

१९ मे

दादा,

हे पत्र तुला मिळेल तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी लिहितेय, कारण रागवायला दुसरं कुणी नाही.

शनिवारी दुपारी आप्पा जेवले. त्याच्या थोडं आधी मी इंजेक्शन दिलं होतं. पाणी द्यायला गेले तर त्यांची मान कलंडलेली, ओठ निळसर, आणि श्वास इतका सावकाश की पुढचा येतो की नाही म्हणून मी माझा धरून बसले. डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. तोंडात बोट घातलं तर गालात विडा. भाकऱ्यांच्या चवडीत घालून आणला होता वहिनीने. मी तो काढला, रुमालात गुंडाळून एप्रनच्या खिशात टाकला आणि मग डॉक्टरांना हाक मारली. आधी खिशात टाकला आणि मग हाक मारली, हेही वाचून ठेव. घराण्याचं नाव माझ्याही हाडात किती मुरलंय ते तुला कळेल.

संध्याकाळपर्यंत आम्ही त्यांना हलवत, हाका मारत, प्राणवायू लावून बसलो होतो. दिवे लागल्यावर त्यांनी डोळे उघडले.

वहिनी बाहेर बाकावर पदर तोंडात कोंबून बसली होती. म्हणाली, "वन्सं, नेहमीएवढीच तर दिली. हरभऱ्याएवढी. दोन येळंला देतोच की घरी. त्यांनी लिवलं, कसंबी करून पोचव, म्हनून." इतके दिवस तुटलेल्या सवयीवर, त्यात इंजेक्शन अंगात असताना, नेहमीएवढी म्हणजे किती होते हे तिला कुठून ठाऊक असणार? तिला मी दोष देत नाही. मला 'असले काही नाही' लिहिलंस आणि तिला 'पोचव' लिहिलंस. दोन्ही पत्रं एकाच दौतीतून, दादा. मी विचारलेलं माप तुला ठाऊक होतं. ते मला दिलं असतंस तर विडा लागलाच नसता.

आता माझी स्थिती ऐक. डॉक्टरांना वाटतंय, मीच चुकून दुप्पट इंजेक्शन दिलं. नाहीतरी पुळका मलाच होता. मेट्रनबाईंनी खुलासा मागितलाय. नोकरी जाईल ती जाईल, सात वर्षांपूर्वी घर गेलं तेव्हाही मी उपाशी मेले नाही. पण डॉक्टरांनी आप्पांचं इंजेक्शन बंद केलंय. साफ. आता फक्त ॲस्पिरिन. म्हणजे मी गप्प राहिले तर ते पुन्हा त्याच नरकात, तेही अजून दीड-दोन महिने, पाय बांधलेल्या अवस्थेत. पळून जायचीसुद्धा सोय नाही. आणि बोलले, तर बेकायदा अफूचा मामला, त्यात हात वहिनीचा. मैनेचं लग्न मोडणार, गावभर होणार.

आज आप्पा ओरडत नाहीयेत. चादरीचा बोळा दातात धरलाय. मी खाली वाकून विचारलं, "सांगू का डॉक्टरांना?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी म्हटलं, असं किती दिवस काढणार? बोळा काढून म्हणाले, "मेलो तरी चालंल. बोलायचं न्हाय." सात वर्षांत मुलगी समजून माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

पेशंट नको म्हणतोय आणि बाप नको म्हणतोय. पेशंटचं ऐकायचं असतं असं मला शिकवलंय, बापाचं ऐकायचं असतं असं तर सगळ्यांनीच शिकवलंय. मी चादरींच्या खोलीत जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत आले. डॉक्टरांची फेरी उद्या सकाळी आहे.

विजया

६ जून

दादा,

तुझं दुसरं पत्र आलं. मुलाकडच्यांनी नारळ परत पाठवला, मैना दोन दिवस जेवली नाही, आणि यापुढे मी या घराचं नाव लावू नये. समजलं. मैनेसाठी मला फार वाईट वाटतं. बाकी ओळींसाठी नाही.

तुला लोकांकडून काय काय कळलं ते ठाऊक नाही, म्हणून झालं तसं सांगते.

फेरीत डॉक्टर आप्पांच्या खाटेपाशी आले. नाडी बघितली, तोंडातल्या बोळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ॲस्पिरिन चालू ठेवा." पुढच्या खाटेकडे वळले. मी त्यांना म्हणू शकले असते की जरा खोलीत चला, काही सांगायचंय. मला ते सुचलंही होतं. पण खोलीपर्यंत जाईतो माझा धीर टिकला नसता. मला स्वतःची खात्री नव्हती, दादा. म्हणून तिथेच, सगळ्या वॉर्डासमोर बोलले. म्हटलं, "डॉक्टर, यांना अफूची सवय आहे. हरभऱ्याएवढी गोळी, दिवसातून दोनदा, निदान वीस वर्षं. शनिवारी ती घरून आली होती." आणि रुमाल उघडून त्यांच्यापुढे धरला.

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला कसं माहीत?"

"मी त्यांची मुलगी आहे."

अख्खा वॉर्ड बघत होता. आप्पांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. चांदभाईंनी तेवढं तोंड भिंतीकडे फिरवलं, ते उपकार मी विसरणार नाही. पण रांगेत आपल्या शेजारच्या गावचा एक जण होता. पुढचं तुला ठाऊक आहेच.

डॉक्टर भडकले, पण विड्यावर नाही. "हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? मी म्हाताऱ्याला ढोंगी समजत होतो." मग स्टूल ओढून बसले आणि आम्ही दोघांनी मिळून हिशेब घातला. सवयीपुरतं औषध ठरावीक वेळेला, चुकवायचं नाही; दुखण्याचं त्याच्यावर वेगळं. हाड जुळल्यावर सवयीचं हळूहळू उतरवू म्हणाले. वहिनीला बोलावून घेतलं. ती आली तशी तिला म्हणाले, "बाई, परवान्यासाठी डॉक्टरी दाखला लागतो, तो मी देतो. पण आता डब्यात भाकरीच आणायची." ज्या पोलिसांना आपण सगळे इतकं भ्यालो, ते काही आले नाहीत. मेट्रनबाईंनी मला सक्त ताकीद देऊन सोडलं.

औषध लागू पडायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी आप्पांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. ते झोपले, घोरले, उठून कालवण अळणी आहे म्हणाले. दुखणं नसलेला माणूस कसा तक्रार करतो ते ऐकून घे एकदा, फार गोड असतं. त्या दिवशी मी ड्यूटी संपल्यावरही घरी गेले नाही, उगाच वॉर्डात घुटमळत राहिले.

चौथ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना सांगितलं की त्या बाईला माझ्या खाटेजवळ पाठवू नका. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पेशंटची इच्छा आहे, तसंच करू. यावेळी तरी त्यांचं ऐकलं.

पण माप मला कुणाच्या भरवशावर सोडवत नाही. त्यामुळे असं चाललंय: त्यांच्या खाटेभोवती पडदा ओढलेला असतो. वेळ झाली की मी पडद्याच्या अलीकडे उभी राहून औषध भरते, सुई तपासते, श्यामलाच्या हातात देते. ती आत जाऊन टोचते. मी तिथेच उभी राहून त्यांचा श्वास ऐकते आणि मग पुढच्या खाटेकडे जाते.

काल श्यामला आत गेली तेव्हा आप्पा तिला म्हणाले, "पोरी, तुझा हातगुण लई चांगला हाय. तू यायला लागल्यापासनं गुण आला बघ. त्या आधीच्या बाईच्या हातानं कधी उतारच पडला न्हाय."

श्यामलाने पडद्याच्या फटीतून माझ्याकडे बघितलं. मी तिला मानेनेच खूण केली, हो म्हण.

विजया